काचेवरचं कुंकू

वसमत
७ ऑक्टोबर २०२५

रामा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी शंका आहे. म्हणून कामाचं आधी लिहितो. तुझी घोड्याची वही हवी आहे. निळ्या पुठ्ठ्याची, चौकटीच्या कागदाची. हट्ट्याच्या जत्रेतला खंडोबाचा घोडा तू तिच्यात ठिपक्याठिपक्यानं काढला होतास. जाताना पिशवीत कपड्यांखाली तेवढी एकच वस्तू नेलीस, असं आई म्हणते.

नाशिकचा पत्ता राधिकानं दिला. तुझी बायको आणि माझी पोरगी एकमेकींशी बोलतात, हे मला या महिन्यात कळलं. फोन नंबर मात्र राधिकानं दिला नाही. "त्यांना इचारल्याबिगर न्हाई देत," म्हणाली. बराबर आहे तिचं.

तू गेलास तेव्हा अंजली सहा वर्षांची होती. आता नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दसऱ्याच्या साफसफाईला आली आणि दुकानाच्या माळ्यावरून रोषणाईची आपली जुनी पेटी खाली काढली. दिवे चालू-बंद करणारे चारही बोर्ड आहेत तसेच आहेत. तेवढ्यात हट्ट्याच्या जत्रेचे कारभारी पुंजाजी दारात उभे. या चंपाषष्ठीला तो जुना दिव्यांचा घोडा लावा म्हणाले. मी म्हटलं, आता रोषणाईचा धंदा मी सोडला, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो, गुडघे शिडीवर चढू देत नाहीत. तर म्हणाले, "त्या चिनी पट्ट्यांचा कटाळा आला बाबा. तुमचा घोडा पळायचा. एका वर्साला बिघडला, पन आधी पाच वर्सं पळाला की."

मी हो म्हणणार नव्हतो. अंजलीनंच परस्पर हो म्हणून टाकलं.

त्या बिघडलेल्या वर्षी हट्ट्यात मी तुझ्यावर हात उचलला, त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. वही तेवढी पाठव. पोस्टाचा खर्च मी देईन, असं लिहिणार होतो, पण तेही बरं दिसत नाही.

शिवहार


१९ ऑक्टोबर २०२५

रामा,

वही आली नाही. दिवाळीत टपाल उशिरा पोचतं, असं मी आईला सांगितलं. तिनं काही विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

अंजलीनं त्या पेटीतून एक गोष्ट काढली आहे, ती तुला कळवणं भाग आहे. गेले बारा दिवस ती डोक्यातून जात नाही.

तिनं पेटी उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, या चिपांच्या काचा उघड्या काहून हायत?" मी म्हटलं, त्यांना काच असतेच. मधोमध चौकोनी खिडकी, आत बारीक सोनेरी तारा दिसतात. मला ती शोभेची वाटायची. तुला माहीत आहे, माझा संबंध बांबू, बल्ब आणि वायर एवढ्याशीच. चिपेत काय असतं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. लहान भावाला काय विचारायचं, असं तेव्हा वाटत असे.

पोरीनं मला दुकानाच्या स्टुलावर बसवून शिकवलं. पुंजाजीही होते. ती म्हणाली, या चिपेत हजारो बारीक खोल्या असतात. खोलीला चहूबाजूनं काचेसारखी भिंत, दार नाही. लिहायचं म्हणजे जास्त दाबाची वीज देऊन विजेचे कण त्या भिंतीतून आत ढकलायचे. एकदा आत गेले की बोर्डाची वीज काढली तरी ते तिथंच राहतात, वीस-वीस वर्षं. कण आत असले तर दिवा बंद, नसले तर दिवा चालू. असं एकेक पाऊल लिहून ठेवलं, म्हणून आपला घोडा पळायचा.

पुंजाजी म्हणाले, "म्हंजी जाळीत कोंडल्याली मेंढरं."

"व्हय आजोबा. आन् पुसायचं म्हंजी जाळी उचलायची. त्या खिडकीतून एक खास उजेड आत पाडला की कनांच्या अंगात जोर येतो, समदे भिंत वलांडून भाईर. एकच पुसता येत न्हाई, समद्याच खोल्या रिकाम्या व्हत्यात."

मग ती माझ्याकडं वळली. तो खास उजेड उन्हातही असतो. चिप उघडी ठेवली आणि रोज ऊन लागलं, तर हळूहळू सगळं पुसलं जातं. म्हणून लिहून झालं की काचेवर स्टिकर लावावाच लागतो. तुझ्या चिपांवर असत ते पांढरे स्टिकर, "राम" आणि तारीख लिहिलेले. मी समजत होतो, नुसतं नाव आहे.

आणि पुसलेली चिप अंधारी नसते, रामा. सगळ्या खोल्या रिकाम्या म्हणजे सगळे दिवे चालू.

त्या संध्याकाळी तेच झालं होतं. आठ घोडे एकावर एक, एका वेळी एकच पेटायचा, म्हणून पळतोय असं दिसायचं. त्या दिवशी बटण दाबलं तर आठही एकदम पेटले. बत्तीस पाय. "देवाचा घोडा न्हाई, खेकडा हाय!" असं कुणीतरी ओरडलं, माणसं हसली आणि तेवढ्या भारानं जनरेटर बसला. पालखी अंधारात आली. मी तुझ्याकडं वळून चार माणसांत तोंडात मारली, कारण आदल्याच दिवशी आपलं वाजलं होतं. तुला वेगळं दुकान काढायचं होतं. जाताना माझं नाक कापायला तूच चिप पुसलीस, हे माझ्या मनात पक्कं बसलं. तू एवढंच म्हणालास, "दादा, म्या काई केलं न्हाई."

त्या वर्षी दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेनंतर, मी चारही बोर्ड दुकानाच्या ओट्यावर मांडून ठेवले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत, जत्रेचं काम मिळावं. सकाळपासून दुपारपर्यंत ओट्यावर ऊन. तू नवमीच्या आदल्या दिवशीच नांदेडच्या कामाला गेला होतास, तो थेट जत्रेच्या आदल्या दिवशी आलास. तोवर मी बोर्ड पेटीत घालून स्क्रू आवळले होते. म्हणजे सात-आठ आठवडे त्या चिपा उन्हात होत्या.

स्टिकर धुण्यात निघाले असावेत. दसऱ्याला आई सगळं घासून काढते, तुला माहीत आहे.

अजून एक. अंजलीनं कॉलेजातल्या यंत्रावर चिपा वाचून आणल्या. तीन कोऱ्या. चौथीत, घोड्याच्या चिपेत, शेवटची थोडी पावलं शिल्लक आहेत. त्या काचेच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट वाळून बसलं आहे. जेवढं कुंकवाखाली होतं तेवढं वाचलं. ती म्हणाली, "काकाला पुसायचीच असती, तर त्यानं आधी काच पुसली असती ना बाबा? ज्याला हे येतं, तो कुंकवासकट कशाला ठेवील?"

वही मिळाली तर बरं होईल.

शिवहार


२ नोव्हेंबर २०२५

रामा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

ते आईच्या कानावर गेलं. अंजलीनं सहज विचारलं, "आज्जे, तू त्या चिपा धुतल्या होत्या का गं?" आईला आता कमी ऐकू येतं, दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. मग तिनं हातातलं शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"म्या? म्या हात बी लावला न्हाई त्याला. शिवहार बसला व्हता दारात बिलेड घिऊन. म्या इचारलं बी, काय खरवडून राहिलास? तर म्हनला, घान हाय."

मी तिथंच होतो. माझी मान वर होईना. आई माझ्याकडं बघत राहिली. तिनं त्या संध्याकाळी माझंच ऐकलं होतं. "देवाच्या दारात खेळ केलास, मला तोंड दावू नको," असं ती तुला म्हणाली, ते माझ्या शब्दावर म्हणाली. मग तिनं एवढंच विचारलं, "मंग माजं लेकरू काहून गेलं?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं की ताट बाजूला सरकवते. मी उठून गेलो की मग जेवते.

तर ऐक. स्टिकर धुण्यात निघाले नाहीत. मी ब्लेडनं काढले. चारही. त्यावर तुझं नाव होतं म्हणून काढले.

त्या साली हट्ट्याची माणसं काम ठरवायला आली, तेव्हा "रामचाच घोडा लावा" म्हणाली. दुकान माझ्या नावावर, बांबू माझे, शिडीवर मी चढणार, आणि घोडा रामचा. ते शब्द आत कुठंतरी अडकून राहिले. खंडेनवमीला हत्यारं मांडली, बोर्ड पुसायला घेतले, आणि प्रत्येकावर राम, राम, राम, राम. तू गावात नव्हतास. ब्लेड हातात होतं. डिंक उरला होता तो पेट्रोलच्या चिंधीनं पुसून काच चकचकीत केली, आणि त्यावर स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावलं. तीन बोर्डांना कडेला लागलं, घोड्याच्या बोर्डावर नेमकं काचेवर लागलं. पेटीच्या झाकणावर बाहेरून "शिवहार लाइट डेकोरेशन" असा मोठा स्टिकर चिकटवला.

काच उघडी टाकली की चिप पुसते, हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ. पण ब्लेड हातात घेताना तुझं नाव पुसायचं होतं, हे ठाऊक होतं.

नंतर इतकी वर्षं मला कधी आठवलं नाही, असं लिहायला बसलो होतो. तेही खरं नाही. चिपांवर स्टिकर नाहीत हे तुला दिसलं असेल, नाव खरवडल्याचं तुला कळलं असेल, एवढीच लाज मला वाटायची. तुझा राग त्याचा आहे, असं मी धरून चाललो होतो. चिप तूच पुसलीस हे मी पक्कं धरून ठेवलं होतं. त्यावर माझी चौदा वर्षं निघाली.

थकलो आहे रे. माफ कर असं लिहायलाही हात उचलत नाही, कारण तू माफ केलंस तरी आईचं काय.

शिवहार


१५ नोव्हेंबर २०२५

रामा,

वही पोचली. पाकिटात चिठ्ठी शोधली, नव्हती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही बघितलं. असो. वही तर वही.

अंजलीनं कामाला हात घातला आहे. चिपा आधी पूर्ण कोऱ्या कराव्या लागतात, त्यासाठी तिनं घरातल्या पाण्याच्या फिल्टरची, तोच खास उजेड देणारी निळी ट्यूब काढली, चपलांच्या खोक्यात बसवली आणि वीस मिनिटं चिपा त्याखाली ठेवल्या. खोक्यात डोकावू नका, डोळे जातील म्हणाली. त्याआधी घोड्याच्या चिपेवरचं कुंकू पुसायला तिनं कापूस घेतला, तेव्हा मी म्हटलं, थांब. मग म्हटलं, पूस. नाहीतरी त्याशिवाय पुढचं लिहिलं जात नाही.

तुझी वही समजायला तिला चार दिवस लागले. प्रत्येक पावलाला एक ओळ, ओळीत कान, मान, पाय यांचे चौकोन, काही काळे, काही पांढरे. समासात तू काय काय लिहून ठेवलंस! "इथे कान मागे." "पुंजाजीच्या घोड्यासारखी मान." तू त्यांच्या दारात बसून घोडा बघायचास, हेही मला ठाऊक नव्हतं.

काल गच्चीवर बांबूवर बांधून बघितला. पळाला. एका पावलाला मागचा डावा पाय उलटा पडतो, ते अंजलीला सापडत नाही. आईला खुर्ची टाकून बसवलं होतं. तिनं बघितला आणि खाली निघून गेली.

आज हट्ट्याला जाऊन पुंजाजींना सगळं सांगितलं, ब्लेडसकट. वाटलं होतं, शिव्या घालतील. तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? तू मारलंस पालखीम्होरं. सांगायचं बी तिथंच. माइक देतो."

जिवावर आलं आहे. पण नाही म्हणालो नाही. चंपाषष्ठी सव्वीस तारखेला आहे, बुधवारी. तू ये असं लिहिण्याचा अधिकार मला नाही. वार आणि तारीख तेवढी लिहितो.

शिवहार


२७ नोव्हेंबर २०२५

रामा,

दिवसभर हट्ट्याच्या फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक एसटीकडं बघत होतो. अंजली म्हणाली, बाबा, इकडं वायर धरा.

दिवेलागणीला बटण दाबलं. घोडा पळाला. एक पाय उलटा टाकत, पण पळाला. भंडारा उधळला, पोराटोरांनी मोबाइल वर केले. पालखी आली तेव्हा उजेड होता. पुंजाजींनी माइक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, हा घोडा माझ्या भावानं, रामनं केलेला आहे. चौदा वर्षांमागं याच जागी घोडा बंद पडला, तो माझ्या हातानं पडला. रामचं नाव मी ब्लेडनं खरवडलं, आणि मार त्याला दिला. मी चोर आहे, तो नाही.

वाटलं होतं, शांतता पसरेल. तसं काही झालं नाही. मागं पाळणे फिरत होते. पुढं बसलेल्या एका पोरानं शेजारच्याला विचारलं, "राम कोन?" निम्मी माणसं त्या वेळची उरलीच नाहीत, उरलेल्यांतल्या निम्म्यांना आठवत नव्हतं. एक म्हातारे जवळ येऊन म्हणाले, "जाऊ दे, व्हतं असं." ज्यापायी तुझं घर सुटलं, ते हट्ट्यात कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं. एवढी वर्षं मी या माणसांना तोंड दाखवायला लाजत होतो. खरं तर एकट्या तुझ्याकडं यायला हवं होतं, नाशिकला, कधीच.

आई रिक्षात बसून बघत होती. रात्री वसमतला परतलो. दाराशी उतरताना तिनं माझा हात धरला. आधाराला धरला असेल. घरात गेल्यावर म्हणाली, "त्याला कळीव, म्या चुकले म्हनावं."

कळवलं.

शिवहार


नाशिक
३ डिसेंबर २०२५

दादा,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिलं मी खरंच आठ दिवस फोडलं नव्हतं. राधिकानं फोडलं.

स्टिकर नाहीत हे मला त्याच संध्याकाळी दिसलं होतं. तुम्ही सगळे आईला घेऊन गेलात, मी मागं थांबून पेटी उघडली. काचा चकचकीत होत्या. कडेला ब्लेडचे ओरखडे होते आणि घोड्याच्या काचेवर कुंकू. चिपा कशानं पुसल्या, नाव कुणी खरवडलं, सगळं एका मिनिटात कळलं. तू मला दुकानाच्या पूजेत आठवलंस ते असं.

तरी मी लगेच नाशिकला आलो नाही. चार दिवस नांदेडला त्या स्टेशनसमोरच्या लॉजवर होतो, जिथं कामाला गेलो की आपण दोघं उतरायचो. तुला ती जागा माहीत होती. मी सांगणार नव्हतो. मला वाटलं, तू एकदा येशील आणि विचारशील, राम, काय झालं होतं रे? तू नुसतं विचारलं असतंस, तर मी म्हणालो असतो, काही नाही दादा, चिप खराब निघाली. ते वाक्य मी तयार ठेवलं होतं. पाचव्या दिवशी गाडी धरली.

मागचा डावा पाय वहीत सातव्या पानावर चुकला आहे, तिसरी ओळ. तो माझाच चुकला होता. पाच वर्षं तो उलटाच पडत होता, कुणाला दिसला नाही. अंजलीला दिसला, म्हणजे पोरगी कामाची आहे. तिला सांग, तिसऱ्या ओळीतला चौथा चौकोन काळा कर. आणि लिहून झालं की काचेवर लगेच काळी पट्टी लाव. नाव लिहायची गरज नाही, तारीख लिही.

दुकानाचा नंबर तोच आहे असं राधिका म्हणाली. रविवारी सकाळी सात वाजता मी फोन करीन. तू उचल आणि काही न बोलता आईच्या हातात दे. तिला कमी ऐकू येतं, तर मी मोठ्यानं बोलेन. तुझ्याशी काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

राम